पॉलेटपेक्षा एक तलाव जास्त

पॉलेट बुशारने मनगटावरची निळी पट्टी ईस्टर उलटून गेला तरी काढली नाही, तेव्हाच वर्ना लाहतिनेनने ठरवून टाकलं, की पुढच्या हिवाळ्यात आपणही जायचं.

पट्टी साधी प्लास्टिकची होती. पॉलेट आणि तिचा नवरा जील गेली अकरा वर्षं दर फेब्रुवारीत डोमिनिकन रिपब्लिकमधल्या ज्या रिसॉर्टला जात, तिथे पाहुणा आला की ती त्याच्या हातात अडकवत. मग दोन आठवडे खा, प्या, लोळा, कुणी काही विचारत नाही. घरी आल्यावर इतर लोक ती पट्टी कात्रीने कापून टाकतात. पॉलेट कापत नसे. ती पट्टीसकट भांडी घासे, पट्टीसकट चर्चला जाई, आणि कर्लिंग क्लबात बर्फावरून दगड सोडताना बाही हटकून वर सरकवी. मग कुणीतरी हमखास विचारायचं, "अगं, हॉस्पिटलात होतीस की काय?" की झालं, पॉलेटला सगळं पहिल्यापासून सांगावंच लागायचं.

कॅनडातल्या थंडर बेला फेब्रुवारीत उणे तीस ही काही बातमी नव्हे. सगळं गाव मळलेल्या कणकेसारखं फिकं पडलेलं असताना पॉलेट भाजलेल्या पावासारखी खरपूस होऊन शेजारच्या दारातून बाहेर यायची. दोन्ही घरांना मिळून एकच वाट होती. तिथे बर्फ उपसत असलेल्या वर्नाला ती म्हणायची, "बाई गं, किती पांढरी पडलीस! जेवतेस ना नीट?"

"जेवते की," वर्ना हसून म्हणायची आणि फावडं जरा जोरात मारायची.

नोव्हेंबरात वर्नाचा नवरा रायमो कागद गिरणीतून निवृत्त झाला आणि 'रजा मिळत नाही' हे त्याचं हुकमी कारण संपलं. त्याने दुसरं काढलं.

"आपल्या तळघरात सौना आहे, चांगली तापणारी वाफेची खोली. गरमच व्हायचंय ना? चौदा पायऱ्या उतरायच्या. विमान कशाला?"

"सौनात समुद्र आहे का?"

"बादली आहे."

दाताच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या नोकरीवरून घरी आली, की वर्ना कॉम्प्युटर उघडून बसू लागली. तिची निवडीची पद्धत सोपी होती. पॉलेटच्या रिसॉर्टला पोहण्याचे चार तलाव होते, म्हणजे आपल्याला पाच हवेत. तिथे जेवायच्या जागा सात, तर आपल्याकडे निदान आठ. तिच्या खोलीतून समुद्र दिसायचा, म्हणजे आपल्याला तो खाटेवर पडल्या पडल्या दिसायला हवा.

"पण तुला पोहता कुठे येतं?" रायमोने विचारलं.

"प्रश्न पोहण्याचा नाहीये."

तीन आठवड्यांनी जमैकामध्ये तसं एक सापडलं. तलाव पाच, जेवायच्या जागा नऊ. वर्नाने एजंटला फोन करून खोली पक्की केली आणि बातमी तशीच सांभाळून ठेवली. पॉलेटला ती अगदी सहज, बर्फ उपसता उपसता सांगायची होती. पण तळ्यावर मासे धरायला गेला असताना रायमोने ती जीलला सांगून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी पॉलेट दोन पिशव्या भरून सल्ला द्यायला हजर झाली.

"हा झाकणाचा मोठा मग. तिथले ग्लास एवढेसे असतात, सारखं उठावं लागतं. आणि हे चिमटे." तिने पोपटाच्या आकाराचे दोन चिमटे टेबलावर ठेवले. "सकाळी सहाला उठायचं, खुर्च्यांवर टॉवेल टाकायचे, त्यांना हे लावायचे आणि परत झोपायचं. नाहीतर सावलीत जागा मिळत नाही. जर्मन लोक पाचला उठतात."

"बरं झालं सांगितलंस," वर्ना दात आवळून म्हणाली.

"पण वर्ना, नवीन ठिकाणी ओळख नसते गं. आमचा मॅनेजर रामोन, तो मला दारातच मिठी मारतो. म्हणतो, 'सेन्योरा पॉलेट, तुम्ही आमच्या सगळ्यांत लाडक्या पाहुण्या!' हजार माणसांत हो! तुला तिकडे कोण विचारणार?"

पॉलेट गेल्यावर वर्नाने कॉम्प्युटर उघडला. पॉलेटच्या रिसॉर्टचं पान काढलं. खाली लोकांचे अभिप्राय होते, आणि नव्या अभिप्रायासाठी एक रिकामी चौकट. वर्नाने 'हिमघुबड' असं नाव घेतलं. दोन ओळी लिहायच्या असं तिने ठरवलं होतं, पण एकदा बोटं चालायला लागली ती थांबेनात.

'ऑम्लेटच्या रांगेत मी इतका वेळ उभी होते, की माझ्या पुढच्या गृहस्थांना टक्कल पडताना मी पाहिलं,' तिने लिहिलं. 'बाथरूममध्ये खेकडे आहेत, पण ते सभ्य आहेत, दार वाजवून आत येतात. मॅनेजर प्रत्येक बाईला मिठी मारून म्हणतो, तुम्ही आमच्या सगळ्यांत लाडक्या पाहुण्या. मला म्हणाला, माझ्या मागचीला म्हणाला, तिच्या मागचीलाही म्हणाला. शेवटी सामानाच्या गाडीलाही म्हणाला असावा, कारण तीसुद्धा जागची हलेना.'

त्या रात्री तिला छान झोप लागली.

चौथ्या दिवशी पॉलेट दारात उभी. नाक लाल झालेलं, आणि ते थंडीने नव्हे.

"तू वाचलंस का? कुणा मेल्या घुबडाने लिहिलंय!"

"काय लिहिलंय?" वर्नाने किटली उचलली, म्हणजे पाठ करता आली.

"खेकड्यांचं सोड, ते खोटंच आहे. पण रामोन! त्याच्याखाली लोकांनी काय काय लिहिलंय बघ. मंक्टनची बाई म्हणते, 'मलाही अस्संच म्हणाला.' सास्काटूनच्या दोघी म्हणतात, 'आम्हालाही.' रिजायनाचा निवृत्त पोलीस आहे कुणी, तो म्हणतो, 'मलाही, मिठीसकट!'"

वर्नाने किटली परत शेगडीवर ठेवली. आपण मनाने रचलेली गोष्ट खरी निघावी, हे तिच्या हिशेबात नव्हतं. पान पुसून टाकावं तरी आता उपयोग नव्हता. पोलिसाने लिहायचं ते लिहिलं होतं.

पॉलेट खुर्चीत बसली. "जील तिथे दोन आठवडे झोपतो गं. जेवायला उठतो, परत झोपतो. अख्ख्या त्या जागेत माझ्याशी नाव घेऊन बोलणारं ते एकच माणूस होतं." तिने बाहीला नाक पुसलं. आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं असं वर्नाला अगदी मनापासून वाटलं, तेवढ्यात पॉलेट म्हणाली, "म्हणून आम्ही ते रद्द केलं. तुमच्याबरोबर येतोय! जीलने एजंटला फोनसुद्धा केला. अगदी तुमच्या डोक्यावरचीच खोली मिळाली. तुमच्यापेक्षा एक मजला वर, पण जिन्याने आलीस की दोन मिनिटं."

वर्नाला सांगायचं होतं ते तिथेच राहिलं.

"एक मजला वर?"

"वरून समुद्र जास्त दिसतो म्हणे."

संध्याकाळी जमैकाच्या रिसॉर्टच्या पानावर 'समुद्रघोडा' नावाच्या कुणीतरी लिहिलं, की पाच तलावांपैकी चार कोरडे आहेत आणि पाचव्यात बेडकांचं लग्न चालू होतं, नऊ जागी एकच भात नऊ नावांनी वाढतात, आणि वरच्या मजल्यावर तर मुळीच राहू नये. पॉलेटने वाचावं, घाबरावं आणि आपलं दुसरीकडे कुठेतरी जावं, एवढीच अपेक्षा होती.

पॉलेटने वाचलं नाही. रायमोने वाचलं.

मधल्या काळात रायमो बदलला होता. फुलाफुलांचा शर्ट त्याने स्वतः जाऊन आणला होता. जमैकातल्या माशांची नावं तो सौनात बसून पाठ करत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चष्मा कपाळावर चढवून न्याहारीला आला.

"वर्ना, आपण फसलो. बेडूक आहेत."

"कसले बेडूक? लोक काहीही लिहितात."

"इतकं बारीक कुणी उगाच लिहील का? माणूस तिथे राहून आलेला आहे. मी एजंटला फोन करतो, रद्द करून टाकू." आणि त्याने खरोखरच फोन उचलला.

"ठेव तो! मी लिहिलंय ते."

रायमोने फोन ठेवला. फिनिश घरातला माणूस, मोजकंच बोलायचा.

"आणि ते घुबड?" त्याने विचारलं. जीलने त्याला सगळं सांगितलेलं होतं.

"तेही."

"पॉलेटला सांग. नाहीतर मी सांगतो. आणि मला तीन वाक्यांच्या वर बोलता येत नाही, ते फार वाईट दिसेल."

वर्ना गेली. पॉलेटच्या पलंगावर नवी बॅग उघडी होती आणि ती उन्हाच्या क्रीमच्या बाटल्या मोज्यांत घालत होती. वर्नाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं; घुबड, समुद्रघोडा, मजल्याचंसुद्धा. पॉलेटने हातातला मोजा खाली ठेवला, बॅग मिटली, तिची चेन ओढली आणि दाराकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पुष्कळ बर्फ पडला. दुपारी पाहते तो सामायिक वाट अर्धी साफ. बरोबर मधोमध, सुरीने केक कापावा तशी. अलीकडच्या अर्ध्यावर गुडघाभर बर्फ वर्नासाठी ठेवलेला. निघायला बारा दिवस उरले होते, विमानात चौघांच्या जागा एका ओळीत होत्या, आणि तिकडे डोक्यावर पॉलेट चालणार होती. वर्नाने तो सगळा बर्फ एकटीने उपसला. रायमोला मदत करू दिली नाही.

तिसऱ्या दिवशी पॉलेट आली. हातात छापलेला कागद. न विचारता बसली.

"माफ वगैरे काही केलेलं नाही मी. ते विमानात बघू. मला एक सांग." तिने कागदावर बोट ठेवलं. "'पुढच्या गृहस्थांना टक्कल पडताना पाहिलं.' हे तुला सुचलं कसं?"

"म्हणजे?"

"म्हणजे बसून विचार करावा लागतो, की आपोआप येतं?"

"पॉलेट, मी खरंच—"

"खाली आकडा बघ. किती लोकांना हे उपयोगी वाटलं?"

वर्नाने पाहिलं. "दोनशे चौदा."

"मी अकरा वर्षं लिहितेय. दर वर्षी, फोटोंसकट. नाश्त्याला कोणती फळं होती तेसुद्धा. मला किती मिळाले? तीन. त्यातला एक जील, एक मी." तिचा आवाज चिरकला. "मी तिथे अकरा वेळा गेले, वर्ना. तू एकदाही गेली नाहीस. आणि लोक तुझं वाचतात!"

वर्नाने पॉलेटच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ आवळलेले, मान जराशी वाकडी, नजर कागदावर खिळलेली. हा चेहरा तिने समोरून कधी पाहिला नव्हता. आतून मात्र तिला तो अकरा वर्षं पाठ होता.

"एवढं काही नसतं गं त्यात," ती हळूच म्हणाली. "सुचतं आपलं."

"सुचतं म्हणे!" पॉलेट उठली. "तिकडे गेल्यावर काय काय झालं ते मी सांगणार, तू लिहायचं. नाव दोघींचं. माझं आधी."

ती गेल्यावर वर्नाने टेबलावर राहिलेल्या कागदावरचा तो आकडा पुन्हा एकदा वाचला. बाहेर उणे एकतीस होतं आणि तिचे कान गरम झाले होते. रायमो आतल्या खोलीत बॅग भरत होता. ती दारात जाऊन टेकली.

"रायमो, खरं सांगू? आता नाही गेलो तरी चालेल मला."

रायमोने फुलाफुलांचा शर्ट नीट घडी करून बॅगेत ठेवला आणि त्यावरून हात फिरवला.

"मी जाणार आहे," तो म्हणाला. "तू इथूनच लिही. तसंही तुला जावं लागत नाही."