आधी नातं, मग बात

पार्सल आणणारा माणूस आमच्या गल्लीत पत्ता विचारतो, फोनवर आलेला आकडा विचारतो आणि निघून जातो. व्यंकटमामांच्या फाटकाशी मात्र उलट त्यालाच प्रश्न विचारले जातात. "गाव कोणतं तुमचं? आजोळ? सासुरवाडी कुठली?" परवा एकानं गाडी चालूच ठेवून सांगून टाकलं, की सासुरवाडी उमरीची. झालं! मामांचं गाव उमरी. गावची लेक ती आपली लेक, आणि तिचा नवरा तो आपला जावई. मामांनी त्याची गाडी बंद करायला लावली, घरात बसवून चहा पाजला. पण जावयाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? त्यानंच आणलेलं पार्सल मामांनी फोडलं, आतला नवाकोरा टॉवेल काढला आणि त्याच्या खांद्यावर टाकला. "टोपी दिवाळीला," असा वायदाही केला.

मामींनी दुसरा टॉवेल मागवला. तो घ्यायला त्या स्वतः फाटकाशी उभ्या राहिल्या.

व्यंकटमामा एसटीत कंडक्टर होते. नांदेड-लातूर आणि नांदेड-देगलूर या दोन रस्त्यांवर त्यांची सगळी नोकरी झाली. तिकिटं फाडता फाडता त्यांनी अख्ख्या मराठवाड्याची सोयरीक पाठ केली. "आधी नातं, मग बात," हा त्यांचा कायदा. नावानं हाक मारलेली त्यांना खपत नाही. "नाव सातबाऱ्यावर लिहायला असतंय. माणसाला हाक नात्यानं मारावं," म्हणतात.

मी लातूरची. लग्न होऊन नांदेडात आले आणि विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवू लागले. गल्लीत आले त्या दिवशी सामान उतरायच्या आत मामा हजर. माझ्या नवऱ्याच्या बाजूनं त्यांनी हिशेब मांडला, तर ते माझे थोरले दीर निघाले. थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर हवा, आणि मी जीन्स घालून टेम्पोतून कुकर उतरवत होते. मामा विचारात पडले. मग माझं आजोळ विचारलं. ते उदगीर निघाल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला. उदगीरच्या कुठल्याशा घरात त्यांची चुलतबहीण दिलेली होती. "मंग माहेरकडून धरू. तू भाची. दिराला चहा मागावा लागतोय, मामाला न मागता मिळतोय." त्या दिवसापासून तो मिळतो आहे, रोज.

'अंकल' हा शब्द त्यांचा हाडवैरी. बँकेतल्या मुलीनं एकदा "अंकल, इथं सही करा" म्हटलं, तर त्यांनी पेन खाली ठेवला. "अंकल म्हंजे काका का मामा? मावसा का फुफा? एका शब्दात चार घरं बुडवलीस की माय!" मागं रांग खोळंबली. शेवटी त्या मुलीचं गाव, आजोळ, आजीचं माहेर असं सगळं निघालं आणि ती नात ठरली. तेव्हा कुठं सही झाली. रांगेतल्या दोघांनी मात्र नातं निघायच्या भीतीनं काढता पाय घेतला.

एका ट्रॅफिक हवालदाराशी तर ते व्याही निघाले. दोघांनी चौकातच गळाभेट घेतली. पावती फाडायची ती हवालदारानं फाडलीच. "व्याही घरी, हेल्मेट रस्त्यावर," म्हणाला. मामा त्याच्यावर बेहद्द खूश. "सोयरा असावा तर असा!"

या माणसाला नुसत्या नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस होतं. त्यांची थोरली बहीण, देगलूरची आक्का. रोज सकाळी तिचा फोन यायचा. मामा तो मुद्दाम स्पीकरवर टाकून फाटकाशी उभे राहायचे. "व्यंक्या, मुडद्या, जेवलास का?" हे गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जायचं.

मी एकदा डिवचलं. "मामा, नाव सातबाऱ्यावर असतंय ना?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "भाची, लोक मला मामा, काका, आबा म्हणून राहिले. 'अरे' म्हणणारी एकच उरली. ती हाय तवर मी कोणाचा तरी ल्हान हाय."

मग ते फोन थांबले. आक्काच्या सुनेनं कळवलं, की सासूबाईंना माणसं ओळखू येईनात. मामी "जाऊन या" म्हणून मागं लागल्या, पण मामा टाळू लागले. कधी गुडघा, कधी पित्त. शेवटी माझ्याजवळ बोलले. "गेलो आन् तिनं मला 'अहो' म्हटलं तर?"

मला परीक्षेच्या कामाला देगलूरला जायचं होतं. मी त्यांना जवळजवळ ओढूनच गाडीत बसवलं.

आक्का ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. मामांना बघून त्यांनी पदर सावरला. "या पाव्हणं, बसा. कोणाचे तुम्ही?"

मामांच्या हातातली केळ्यांची पिशवी हातातच राहिली. मला फार वाईट वाटलं. "आक्का, हे तुमचे..." असं मी सुरू केलं, तर सुनेनं मान हलवली. असं नुसतं सांगून टाकलं तर त्या खोटं समजून चिडतात, असं ती म्हणाली.

मामा खाली सतरंजीवर बसले. घसा खाकरला. आणि पार्सलवाल्याला विचारतात त्याच सुरात म्हणाले, "बाई, माहेर कोणतं तुमचं?"

"उमरी."

"आरं वा! माझंबी गाव उमरीच. कोणाच्या घरच्या तुम्ही?"

"मारोतरावाच्या. दारात लिंबाचं झाड हाय ते घर."

"भाऊ किती?"

"एकच. व्यंक्या. लई द्वाड. लोकाचे आंबे पाडायचा आन् मार मी खायची." आक्का दाराकडं बघून हसल्या. "येणारच हाय आज. तुम्ही बसा, त्याला भेटूनच जावा."

सून डोळ्यांना पदर लावून आत गेली. मामा मात्र जागचे हलले नाहीत. "बाई, मीबी मारोतरावाचाच. त्याच लिंबाखालचा. मायचं नाव गयाबाई."

आक्का बोटांच्या पेरांवर काहीतरी जुळवू लागल्या. "मारोतरावाचा... गयाबाईचा..." मामा त्या बोटांकडं बघत होते. इतक्या लोकांची नाती त्यांनी चुटकीसरशी काढली, पण अशी वाट बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"म्हंजे माझा भाऊच लागतूस की रे तू!" आक्का एकदम म्हणाल्या. "मंग तिकडं कामून बसलास, मुडद्या? वर ये. जेवलास का?"

मामा वर जाऊन तिला खेटून बसले. आक्कानं केळं सोलून त्यांच्या हातात दिलं आणि ते खाईपर्यंत पाठीवर हात ठेवून राहिली. आपला व्यंक्या तो हाच, हे तिला उमगलं की नाही, मला सांगता यायचं नाही. मामांनी ते विचारलंही नाही.

परतताना नरसीच्या फाट्यावर चहाला थांबलो. मामांनी चहावाल्याला गाव विचारलं नाही, तेव्हा मला काळजी वाटली.

"पुढच्या येळेला पुन्हा पहिल्यापासून काढावं लागंल नातं," ते कपाकडं बघत म्हणाले.

"काढू की, मामा."

"हाव." त्यांनी चहा संपवला. "निघतंय न्हवं? बास."