बावीस पक्क्या, बावीस रद्द

मंडळी, वेबसाइटचं फ्रेमवर्क बदलणं म्हणजे माझ्यासाठी डाव्या हातचा मळ! निदान शनिवारी दुपारी तरी माझं हेच मत होतं.

माझी बायको दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्याचं अपॉइंटमेंटचं ॲप सहा वर्षांपूर्वी मीच बनवलं. ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर, ते उभं होतं, तो आता इतका जुना झाला होता की पान उघडेपर्यंत पेशंटचा दात आपोआप पडावा! शनिवारी दवाखाना बंद झाला आणि मी बाह्या सरसावल्या.

"सोमवारी माझे बावीस पेशंट आहेत हं," बायको म्हणाली.

"बावीसशे येऊ देत! नवी आवृत्ती आहे, सगळं पळेल!"

आणि खरंच, रविवारपर्यंत काम झालं. एकेक बटण मी स्वतः दाबून पाहिलं. दाबलं की काम फत्ते!

काउंटरवर माझ्या सासूबाई बसतात. तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. निवृत्तीनंतर घरात त्यांचा जीव रमेना. काउंटरवर बसल्या आणि वय दहा वर्षांनी कमी झालं. बोटं अशी चालतात की पडद्याकडे बघायची गरजच नाही. रोज सकाळी त्या दिवसभराच्या अपॉइंटमेंटसमोरचं 'पक्की करा' हे बटण दाबत जातात आणि पेशंटला मेसेज जातो.

सोमवारी कौतुक गोळा करायला मी दवाखान्यात हजर! नऊ वाजले, कुणी नाही. सव्वानऊ, तरी कुणी नाही. साडेनऊला एक गृहस्थ आले. उजवा गाल टम्म फुगलेला, डोळ्यांत आग.

"बोलावताय की हाकलताय?" त्यांनी मोबाइल नाचवला. आठ चाळीसला अपॉइंटमेंट पक्की. आठ चाळीसलाच रद्द!

तेवढ्यात फोन खणखणायला लागला. रद्द का केली? कुणाला विचारून केली? एक बाई तर म्हणाल्या, "रजा टाकलीय मी! आता काय घरी बसून आरशात दाढ बघू?"

मी ऐटीत नोंदी उघडल्या. दोन मिनिटांत बावीस पक्क्या, बावीस रद्द. कुणी केल्या? काउंटरवरून!

बायकोनं सासूबाईंकडे पाहिलं. "आई, अगं काय केलंस हे?"

"मी काय केलं? रोजच्यासारखंच केलं."

"होतं असं," मी उदार मनानं म्हणालो. "नवीन गोष्ट पटकन जमत नाही या वयात. मी आईंना बाणबिण काढून कागद करून देतो."

या वयात! जीभ हासडून घ्यावी असं ते वाक्य. सासूबाईंनी चष्मा काढला. तो पर्समध्ये टाकला आणि लेकीला म्हणाल्या, "उद्यापासून दुसरं कुणीतरी बघ. चुका करायला मी नाही बसत इथे." बायकोचा चेहरा उतरला.

"या साहेबांची तेवढी पक्की करून जाते," असं म्हणत त्यांनी बटण दाबलं. टक टक! गृहस्थांचा मोबाइल दोनदा किणकिणला.

"पुन्हा हाकललं!" गृहस्थ ओरडले.

मी मात्र सासूबाईंच्या बोटाकडे बघत होतो. "आई, दोनदा का दाबलंत?"

"म्हणजे? तुम्हीच सांगितलं होतं ना, जावईबापू!" त्यांनी खण उघडला. आतल्या बाजूला एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला. अक्षर माझंच: 'पहिल्यांदा दाबलेलं ॲपला कळत नाही. बटण दोनदा दाबा. लवकरच दुरुस्त करतो.' खाली सहा वर्षांपूर्वीची तारीख!

मंडळी, नव्या आवृत्तीत तो दोष आपोआप गेला होता. पहिल्याच दाबात अपॉइंटमेंट पक्की आणि त्याच जागी 'रद्द करा' हे बटण हजर. दुसरा दाब त्याच्यावर!

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "आईंची नाही. शंभर टक्के माझी."

"या वयात होतं असं," सासूबाई म्हणाल्या आणि पर्समधून चष्मा काढून पुन्हा डोळ्यांवर चढवला. हुश्श! इतकं हलकं मला परीक्षेच्या निकालालाही वाटलं नव्हतं. बायकोनं आईला मिठी मारली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की हातात ड्रिल नव्हतं म्हणून वाचलो.

मग सासूबाईंनी फोन उचलला. "ऐकताय ना? कृपया लाइनवर राहा!" एकेकाला असं गोड बोलून बोलावलं की संध्याकाळपर्यंत एकोणीस जण येऊन गेले. रजावाल्या बाई तर हसत गेल्या.

"आता एकदाच दाबायचं हं," मी नम्रपणे सुचवलं.

त्यांनी प्रयत्न केला. टक टक! पुन्हा प्रयत्न. टक टक! सहा वर्षांची सवय, बोट ऐकेना.

शेवटी मी मुकाट्यानं लॅपटॉप उघडला आणि पहिला दाब ॲपला कळणारच नाही अशी सोय नव्या, अद्ययावत आवृत्तीत मुद्दाम करून दिली. कसून तपासली. एकदम पहिल्यासारखी!

सासूबाईंनी खण उघडला आणि माझ्या हातात पेन ठेवलं. "ते 'लवकरच दुरुस्त करतो' तेवढं खोडा."

खोडलं.