पुंजाजीभाऊंचा मोकळा रस्ता

टेका देऊन उभ्या केलेल्या बैलगाडीचे जू रस्त्यावर आलेले दिसले, की आमच्या पुंजाजीभाऊंना चैन पडत नसे. धोतराचा सोगा खोचून ते अख्खी गाडी एकट्याने मागे रेटत. मराठी राज्य नवे नवे झाले होते, आणि ते देऊळघाटच्या आमच्या गल्लीतही आले पाहिजे, असा भाऊंचा हट्ट. “मराठीचं राज्य आलं, तरी रस्त्यावर बाजेचंच राज्य काऊन बे?” असे ते दारोदार विचारत.

जेवताना ते मध्येच उठून बाहेर डोकावत. एकदा माझ्या दारातल्या बाजेवर पाहुणा घोरत होता. भाऊंनी पाहुण्यासकट बाज आत ढकलली. बिचारा जागा झाला तो चुलीशेजारी.

या साऱ्या धावपळीचे कारण म्हणजे त्यांची थोरली बहीण, सोनाबाई. लहानपणी देवी आल्या आणि तिची दृष्टी गेली. आई वारल्यावर त्याच आंधळ्या पोरीने या धाकट्याला वाढवले. रोज दुपारी ती काठी टेकत पलीकडच्या आळीत मैत्रिणीकडे जाई. खड्डा काठीला कळतो, छातीशी येणारे जू कळत नाही. एकदा तसेच लागून ती पडली होती. तरी भाऊ हात धरायला गेले की म्हणे, “हात धरशील त मी घरातच बसीन.” म्हणून भाऊ तिच्या पुढे चोरपावलांनी जात आणि वाट मोकळी करत. तिला पत्ता नाही, अशी त्यांची खात्री होती.

एके दिवशी त्यांनी उत्साहाच्या भरात वळणावरचा मोठा दगड पहारीने उपटून नाल्यात लोटला. आम्ही शाबासकी दिली. त्या दुपारी सोनाबाई मैत्रिणीकडे पोचलीच नाही.

भाऊ वेड्यासारखे धावत सुटले, मीही मागे. ती गावाबाहेर सडकेच्या मधोमध उभी होती आणि समोर एसटी भोंगा वाजवत होती.

“माहा दगड कुठी गेला रे पुंजा? काठी त्याले लागली का वळाचं असते मले.”



दुसऱ्या सकाळी त्यांनी बैल जुंपून दगड परत आणला. पण दुपार झाली तरी ते उंबऱ्यातून हलेनात. आता बहीण घराबाहेर पडणार नाही, या धास्तीने त्यांना घास उतरला नव्हता. मलाही त्यांच्याकडे पाहवेना.

तेवढ्यात आतून आवाज आला. “काठी दे. आन पुढी व्हय रोजच्यासारखा. पन खोकलत जाय. तुह्या पायाचा आवाज लई बारीक येते.”

भाऊ खोकत निघाले. डोळे पुसत, दर पावलाला मागे वळून पाहत. त्या नादात वाटेतल्या पहिल्याच गाडीचे जू त्यांच्या छातीत बसले. आम्ही हसलो. काठीची टकटक थांबली.

“लागलं का रे?” सोनाबाईने विचारले. “हात धरू का तुहा?”

भाऊंनी हात पुढे केला.