रामरावांच्या नावाचे ठोके

विपुलने पुण्याहून पाठवलेलं घड्याळ रामरावांनी मनगटावर बांधलं आणि दुसऱ्याच संध्याकाळी त्या घड्याळाने त्यांची चहाडी केली. दिवसभरात एक हजार एकशे चार पावलं. घर ते पानठेला, पानठेला ते घर. घड्याळाचे आकडे फोनमधून थेट पुण्याला पोचत होते.

"बाबा, आठ हजार पाह्यजेत," विपुल फोनवर म्हणाला. "साखर वाढली हाय तुमची. दोन महिने पाह्यतो. नाही जमलं तर मळा बटाईनं दुसऱ्याले देऊन टाकू अन् तुमाले दोघायले इकडं घेऊन येतो."

गेल्या वर्षी रामराव पुण्यात बारा दिवस सातव्या मजल्यावर राहून आले होते. पानठेला नाही, "रामभाऊ, बसा" म्हणणारं कोणी नाही, लिफ्टमध्ये शेजारी भेटला तर तो दाराकडे बघत उभा. तिथे कायमचं जायचं या विचारानेच त्यांना त्या रात्रीचं जेवण कमी गेलं.

चांदूर रेल्वे गावाच्या अलीकडे त्यांचा दीड एकराचा भाजीचा मळा होता. मळा रामरावांचा, म्हणजे सातबारा रामरावांचा. मेथी-कोथिंबीर कापणं, जुड्या बांधणं, वांग्याला पाणी, दोन म्हशी, स्वयंपाक हे सगळं बायकोकडे, जमुनाबाईंकडे. रामराव देखरेख करत आणि देखरेख बसूनच करायची असते असं त्यांचं मत होतं. तिसऱ्या दिवशी बांधावर बसल्या बसल्या त्यांना युक्ती सुचली.

"जमुना, हे जरा हातात घाल."

"मी कायले घालू? तुमच्या नावाचं हाय ते."

"तू तशीही फिरतेच ना दिवसभर. फुकट पावलं वाया जाऊन राहिली."

जमुनाबाईंना वाद घालायला वेळ नव्हता. त्यांनी बांगड्यांच्या वर घड्याळ चढवलं आणि त्या वांग्यात शिरल्या. संध्याकाळी एकोणीस हजार पावलं झाली.

"बाबा, मानलं तुमाले!" विपुल ओरडलाच. रामरावांनी दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर पाय चोळून दाखवले.

खरं तर घड्याळ रात्री परत घ्यायचं ठरलं होतं. पण जमुनाबाई पडल्या की डोळा लागे आणि उठल्या की म्हशी वाट बघत, त्यामुळे पट्टा सोडायचा राहूनच गेला. रामराव फक्त रविवारी व्हिडिओ कॉलपुरतं ते आपल्या हातात घालत. इथेच गफलत झाली. घड्याळ नुसती पावलं मोजत नव्हतं. ते झोप मोजत होतं, ठोके मोजत होतं आणि हे सगळं विपुलच्या ओळखीच्या डॉक्टर दामिनी मॅडम बघत होत्या.

"काका, झोपता किती तुम्ही?" रविवारी मॅडमनी विचारलं.

"मस्त झोपतो," रामराव म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

"घड्याळ चार तास चाळीस मिनिटं म्हणतंय. पहाटे साडेचारला ठोके एकशे तीसवर. काका, शरीर पार थकलंय तुमचं. आता पूर्ण विश्रांती. ओझं उचलायचं नाही, म्हशींना हात लावायचा नाही."

म्हशींना हात न लावणं रामरावांना कठीण नव्हतं. कित्येक वर्षांचा सराव होता. विपुलने मात्र स्क्रीनवर हात जोडले. "बाबा, आमाले कधी समजलंच नाही तुमी एवढं राबता म्हणून. आई, आता बाबायले काही करू देऊ नको. त्याईचं काम तूच पाहून घे."

त्याईचं काम म्हणजे मोटरसायकलवरून बाजारात भाजी पोचवणं, हे एकच. तेही जमुनाबाईंकडे गेलं. त्या गठ्ठे घेऊन काळीपिवळी जीपने जाऊ लागल्या. पुढच्या रविवारी झोप आणखी कमी झाली होती आणि पावलं बावीस हजार.

"काका, तुम्ही ऐकत नाही!" मॅडम चिडल्या.

"कामाची सवय हाय, मॅडम. राहवतच नाही," रामराव नम्रपणे म्हणाले.

"मग खाटेवरून उतरायचंच नाही. जेवण जागेवर. पायांना रोज कोमट तेल लावून घ्या."

तेल कोण लावणार, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. जमुनाबाईंनी रोज अर्धा तास तेल लावलं. रामराव जसजसे विश्रांती घेत गेले तसतशी त्यांची तब्येत घड्याळात ढासळत गेली. वजन तेवढं चार किलोंनी वाढलं. तिसऱ्या रविवारचे आकडे पाहून विपुलने रजा टाकली.

"येतो मी. अमरावतीले तपासण्या करू, तिथूनच पुण्याले. आता काही ऐकत नाही."

अमरावतीच्या दवाखान्यात रामरावांची छाती, रक्त, लघवी, सगळं तपासून झालं. तिथल्या डॉक्टरांनी घड्याळाचे आकडे पाहिले, मग रामरावांच्या पोटाकडे पाहिलं.

"साखर जास्त आहे. बाकी ठणठणीत. हे आकडे या माणसाचे वाटत नाहीत."

"घड्याळच बिघडलं असंल," विपुलने सुस्कारा सोडला. "जाऊ द्या बाबा. फेकून देऊ ते. चाला, घरी सोडतो तुमाले."

रामराव सुटले होते. पुणं टळलं होतं, फक्त गप्प बसायचं होतं. त्यांनी उठता उठता दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं. एवढ्या गोंगाटात जमुनाबाई रामरावांची फाईल मांडीवर धरून, भिंतीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. मान एका बाजूला कलली होती आणि तोंड थोडं उघडं होतं. दिवसाउजेडी झोपलेली बायको रामरावांनी तीस वर्षांत पाहिली नव्हती. त्यांना मनापासून लाज वाटली.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "घड्याळ नाही बिघडलं. हात हिचा होता."

डॉक्टरांनी जमुनाबाईंना उठवून आत नेलं. हिमोग्लोबिन सात निघालं. मग रामरावांना सांगितलेलं सगळं जसंच्या तसं दुसऱ्या नावाने कागदावर उतरलं. महिनाभर पूर्ण विश्रांती, ओझं नाही, म्हशी नाहीत, जेवण जागेवर, पायांना तेल.

"अन् तिचं काम?" विपुलने विचारलं. डॉक्टरांनी रामरावांकडे पाहिलं. नर्सनेही पाहिलं.

नवव्या दिवशी रामरावांनी गोठ्यामागे उभं राहून हळू आवाजात पुण्याला फोन लावला.

"विपुल, ती सातव्या मजल्यावरची खोली रिकामी हाय का रे?"

"काहून? तुमी तर पुण्याचं नाव काढू देत नव्हते!"

"मी एकटाच येतो म्हनलं. आठ-दहा दिवस. तुही माय आरामात हाय इथं."

"काही गरज नाही, बाबा," विपुल खुशीत म्हणाला. "कालच्या तपासणीतली साखर पाह्यली ना तुमची! एवढी खाली कधीच आली नव्हती. मॅडम म्हनते, काकांना कुठंच हलवू नका, जे चाललं हाय तेच चालू ठेवा."

"कोनाचा फोन हाय?" घरातून, खाटेवरून जमुनाबाईंचा खणखणीत आवाज आला. "झाला असंल तर मेथीच्या जुड्या बांधून घ्या. अन् येतायेता तेल गरम करून आणजा."