चौचाकीच्या खरेदीची आणि मानाच्या चाकांची बखर

श्री. जिणें डोंगरांत वाटा घातल्या आणि मग त्यांवर धोंडे लोटून माणसांची गंमत पाहिली, त्या पठारावरील देवीस दंडवत. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, कार्तिकमासीं एका डोंगरी राज्यांत जें वर्तलें तें लिहितों. ते राज्यीं राजे शिदोजीराव म्हणोन होते, शरीरानें भारी आणि मनानें हौशी. दरसालीं कार्तिकांत पठारावर मेळा भरे, आणि खडकाळ वाटेनें जो सरदार आधीं वर पोहोंचे त्यास पुजारीबुवा पहिला विडा देत. आजवर तो मान राजियांचा. परंतु या सालीं राजियांचे गुडघे रुसले, आणि घोडाही राजे येतांना पाहून खालीं बसों लागला, आणि अशांतच राणीसाहेब सगुणाबाई यांचे बंधु रायाजीराव, शेजारील राज्याचे धनी, यांचा निरोप आला कीं, "दाजी, आम्ही डोंगरांत हिंडावयाची चौचाकी घेतली, लोक तीस एटीव्ही म्हणतात. यंदा पहिला विडा आमचा. आपण दमादमानें यावें, दुसरा राखोन ठेवितों." हें ऐकोन राजे लाल जाहले. मेहुण्यामागोमाग विडा खाणें म्हणजे सासुरवाडीस जन्माचें हसें. मग हुकूम सुटला कीं, "आम्हांसही चौचाकी पाहिजे, आणि मेळ्याआधीं पाहिजे."

मग एक सौदागर चार यंत्रें घेऊन दरबारीं आला. एक थोरली, एक धाकटी आणि दोन मधल्या. दिवाण नारो भास्कर थोरलीभोंवतीं फिरोन बोलिले, "हीच घ्यावी महाराज. राज्य लहान, निदान गाडी तरी मोठी असावी." राणीसाहेब पडद्याबाहेर येऊन म्हणाल्या, "दिवाणजी, वरल्या खिंडींत दोन बैल शेजारीं मावत नाहींत, हें धूड कोठून जाणार?" मग थोरली बाजूस केली. धाकटीवर राजे स्वतः बसले, तों मागचा भाग दबला आणि पुढलीं चाकें उचललीं, आणि राजे काहीं काळ आकाश पाहात राहिले. उतरवावयास चौघे लागले. मग मधल्या दोन उरल्या. त्यांतील एक तांबडी, झगझगीत, दिवे बैलाच्या डोळ्यांएवढे, गादी लोडासारखी. दुसरी मातकट रंगाची, पोट जमिनीपासून चांगलें उंच, बाकी रूप यथातथा. पागेचे हवालदार पुढें होऊन तांबडीचें तोंड उघडावयास पाहों लागले. सौदागर म्हणाला, "काय पाहतां?" हवालदार म्हणाले, "दांत. वय कळलें पाहिजे." सौदागरानें टायरांचे दांत दाखविले, आणि हवालदारांचा निर्वाळा पडला कीं, जनावर तरुण आहे. दिवाण म्हणाले, "तांबडीच घ्यावी, महाराजांस शोभते."

मग तळ्याकांठच्या चिखलांत परीक्षा ठरली. आणि नवें वाहन, तेव्हां पूजा आली. हळदकुंकू वाहिलें, नारळ फोडला आणि रिवाजाप्रमाणें चारही चाकांपुढें एकएक लिंबू ठेविलें. मग तांबडी सुरू जाहली. गर्जना ऐसी कीं बगळे उडाले. मागलीं चाकें गरगरां फिरलीं, दिवाणजींवर मस्तकापासून जोड्यापर्यंत चिखल उडाला, आणि गाडी तसूभर सरकली नाहीं. सारे म्हणाले, चिखल फार. परंतु राणीसाहेब वाकून पाहात होत्या. त्या म्हणाल्या, "अहो सौदागर, मागचीं लिंबें चिखलांत चटणी होऊन गेलीं, आणि हीं पुढचीं दोन सरबताजोगीं कशीं राहिलीं?" सौदागर घुटमळला आणि म्हणाला, "बाईसाहेब, चार चाकें नाहींत काय? मोजून घ्यावीं. पुढलीं तेवढीं मानाचीं आहेत. चालतात, ओढीत नाहींत." यावर राजे खदखदां हांसले आणि बोलिले, "ऐसे मानकरी आमचे दरबारीं पुष्कळ. मिरवणुकीस पुढें आणि चिखलांत शाबूत. आणखी विकत कशास घ्यावे?" तेव्हां समस्त दरबार आपापल्या जोड्यांकडे पाहों लागला. मग मातकट गाडीपुढें लिंबें ठेविलीं. कळ दाबली, चारही लिंबें एकदम चिरडलीं, आणि गाडी म्हशीसारखी शांतपणें चिखलांतून वर आली. तीच खरेदी जाहली.

मग मेळ्याचा दिवस उगवला. राजे पुढें बसले आणि राणीसाहेब मागें. रायाजीरावांची गाडी थोरलीहून थोरली होती, ती सपाटीवर वाऱ्यासारखी गेली आणि दिसेनाशी जाहली, आणि राजियांनीं मनांत विडा सोडिला. परंतु खिंडीशीं येऊन पाहतात तों रायाजीराव दोन कड्यांमध्यें बुचासारखे बसलेले. ते ओरडले, "दाजी, मागून रेटा द्या!" राजे म्हणाले, "रेटलें तर अधिक अडकाल. दोर बांधून मागें ओढितों." रायाजीराव कडाडले, "मागें? आमच्या घराण्यांत खिंडींतून कोणी मागें आलें नाहीं! हटणार नाहीं!" आणि छातीशीं हात बांधोन बसले. वाट बंद, पुढें जातां येईना, सूर्य चढों लागला, वरतीं विडा वाळों लागला. मग राणीसाहेब म्हणाल्या, "दादा, तोंड इकडे करून बसा. मग तें मागें येणें नव्हे, आमच्यावर चालून येणें." रायाजीराव विचारांत पडले. यांत घराण्यास बट्टा नाहीं ऐसें पाहून ते गादीवर उलटे वळले, मिशीस पीळ भरिला आणि म्हणाले, "आतां ओढा!" राजियांनीं दोर बांधिला, गाडी फिरविली, आणि चारही चाकीं जोर लावून निघाले, तों रायाजीराव हर हर महादेव गर्जत खिंडीबाहेर आले. मग राजियांनीं दोर सोडिला, बाजूनें वळसा घेतला आणि दोहों कड्यांस कोपर न लागतां पार जाहले. पहिला विडा राजियांस मिळाला.

तो तोंडांत घालितात न घालितात तों कड्यावरून सारें पाहून आलेला रायाजीरावांचा शाहीर डफ घेऊन उभा राहिला आणि गाऊं लागला कीं, खिंडींत रायाजीराव एकले चालून गेले आणि राजे पाठ फिरवून पळाले. राजे उठों लागले. राणीसाहेबांनीं शेला धरिला आणि म्हणाल्या, "कोणता शब्द खोटा आहे? इकडे विडा मिळाला, दादांस पोवाडा. मला दोन्हीं घरीं जावयाचें आहे." राजियांनीं पुष्कळ विचार केला, परंतु तोंड भरलें होतें, सबब विडा चावीत खालीं बसले.

सारांश, खडकाळ वाटेनें मौजेस जावयाचें तर गाडी मधली घ्यावी, आणि चारही चाकीं ओढणारी घ्यावी. मेहुणा पारखून घेतां येत नाहीं, तो लग्नासवें येतो.