चौतीसची कंबर

ताराचंद गजभिये यांच्या कमरेचं माप नागपुरातल्या बेसा भागात अख्ख्या गल्लीला तोंडपाठ होतं. चौतीस. लग्नात चौतीस होतं, जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले तेव्हा चौतीस होतं आणि परवा धरमपेठेतल्या दुकानातून आणलेल्या पँटीवरही चौतीसच होतं. तीस वर्षांत नागपूर कुठल्या कुठे पसरलं, पण आपली कंबर जागची हलली नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. समोरच्याची नजर चुकून पोटाकडे गेलीच, तर पँटीचं लेबल उलटं करून दाखवायलाही ते मागेपुढे पाहत नसत.

याचा जाच व्हायचा तो त्यांच्या बायकोला, प्रेमिलाबाईंना. त्या एमवरून एलवर आणि एलवरून एक्सएलवर गेल्या होत्या आणि प्रत्येक बढतीची दखल ताराचंदांनी घेतली होती.

"तुह्यासाठी अजून किती एक्स लावाचे वं कंपनीवाल्यानं?" ते विचारत. "मले पाय. तेच चौतीस."

"पायते ना," प्रेमिलाबाई म्हणत. "रोजच पायते." आणि पुन्हा पोळी लाटायला घेत.

अशात त्यांच्या लेकीचं, काजलचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा ठरला. मुलगा रजत मिहानमधल्या कंपनीत नोकरीला, घरचे भंडाऱ्याचे. साक्षगंधात मुलीला साडी देतात आणि ती तिथल्या तिथे नेसून येते, हे तर चालतच आलेलं. पण रजतचे वडील बाबाराव मेश्राम हौशी माणूस. त्यांनी फोनवर सुचवलं, की दोन्ही व्याह्यांनीही एकमेकांना कपडे द्यावेत आणि तिथेच घालून मिरवावेत. पांढरी पँट, पांढरा शर्ट. रेडीमेड नको, टेलरकडून शिवलेले.

"कमरेचं माप सांगा, इवाई," बाबाराव म्हणाले.

"चौतीस. लग्नापासून तेच."

"अरे वा! माही बी चौतीस. लग्नापासून!"

ताराचंद जरासे हिरमुसले. चौतीसवाला दुसरा कोणी असेल, आणि तोही व्याही निघेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी धोंडबा टेलरचं दुकान होतं. ताराचंदांनी बाबारावांसाठी कापड टाकलं आणि आकडा सांगितला. धोंडबानं मान हलवली.

"टेप लावल्याबिगर मी पँट शिवत नाही, ताराचंदभाऊ. एकदा आणा इवायाले."

"टेप लावाले आता त्याहिले भंडाऱ्याहून आणू काय? त्यायनं सोता सांगतलं. चौतीस म्हणजे चौतीस."

धोंडबानं चष्म्यावरून आधी ताराचंदांच्या तोंडाकडे आणि मग पोटाकडे पाहिलं. लग्नातली पँट शिवली त्यानंतर हा माणूस कधी शिवायला आला नव्हता, रेडीमेडच घालत होता. पण गिऱ्हाइकाशी किती वाद घालायचा? त्यानं वहीत चौतीस लिहिलं. साक्षगंधाचं आमंत्रण मात्र तेवढ्यात वसूल केलं.

रविवारी सकाळी बेसातल्या एका हॉलमध्ये पाहुणे जमले. कपड्यांची देवाणघेवाण झाली, टाळ्या झाल्या. काजल साडी घेऊन एका खोलीत गेली आणि दोन्ही व्याही आपापली पाकिटं घेऊन आपापल्या खोल्यांत गेले.

ताराचंदांनी पँट मांड्यांपर्यंत चढवली तेव्हा सगळं ठीक होतं. पुढे ती येईना. पोट आत ओढलं, टाचांवर उभे राहिले, एकदा भिंतीला पाठ लावून पाहिली. शेवटी श्वास रोखून हुक लागला, पण त्या घडीपासून श्वास घ्यायची सोय उरली नाही. त्यांनी आतलं लेबल पाहिलं. भंडाऱ्याच्या टेलरनं निळ्या शाईत ठळक लिहिलं होतं, चौतीस. खुर्चीवर काढून ठेवलेली रोजची पँट उचलून तिचंही लेबल पाहिलं. चौतीस. मग त्यांनी ती रोजची पँट अंगावरच्या पँटीसमोर धरली. ती दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं बाहेर आली.

'भंडाऱ्याचा टेपच लहान असन,' ताराचंदांनी स्वतःची समजूत काढली.

तेवढ्यात प्रेमिलाबाई आत आल्या. त्यांनी रोजची पँट घडी करून आपल्या पिशवीत टाकली.

"बसली ना?"

"झकास," ताराचंद म्हणाले. याहून लांब शब्द त्यांना परवडणारा नव्हता.

स्टेजवर बाबाराव आधीच येऊन उभे होते. छाती पुढे, हनुवटी वर, झेंडावंदनाला उभं राहावं तसे ताठ. बुद्धवंदना झाली. सगळ्यांनी हात जोडून, उभ्यानं म्हटली, तोवर ठीक चाललं. मग कोणीतरी माईकवर म्हणालं, "आता सगळ्यायनं बसून घ्या." दीडशे माणसं बसली. स्टेजवरचे दोन व्याही सोडून.

"बसा ना, इवाई," ताराचंद म्हणाले.

"तुम्ही बसा. पोरीकडचे आहा."

"छे छे. आधी तुम्ही. पाहुणे आहा."

"तुम्ही उभे असतानी मी कसा बसू?"

पहिली पाच मिनिटं लोकांना हे फार गोड वाटलं. कसा एकमेकांचा मान राखून राहिले, म्हणाले. दहा मिनिटांनी फोटोग्राफर वैतागला. "काका, बसा ना. फोटोत डोकं कटून राहिलं." दोघांनी हसून मान हलवली आणि उभेच राहिले.

पंधराव्या मिनिटाला कुजबुज सुरू झाली. "पोरीचा बाप बसून नाही राहिला. काहीतरी बिनसलं," वरपक्षाच्या बायका म्हणाल्या. "पोराचा बाप काहून उभा आहे? काही मागाचं बाकी आहे काय?" वधूपक्षाचे काका म्हणाले. मागच्या रांगेत तर कोणी सांगूनही टाकलं, की सोयरीक मोडायला आली. रजतची आई, कौसल्याबाई, पदरानं घाम पुसू लागल्या. रजत अंगठी हातात धरून बसला होता, ती त्यानं खिशात ठेवली.

काजलनं हे पाहिलं. ती नवी साडी सावरत बापाजवळ आली.

"बाबा, तुमच्या मनात काही आहे काय?" तिचा आवाज कापत होता. "असन तर आताच सांगा. मले चालन. पण असे उभे नका राहू."

तिचे डोळे भरून आलेले ताराचंदांनी पाहिले. तीस वर्षं जपलेला आकडा एका बाजूला आणि लेक दुसऱ्या बाजूला. त्यांनी क्षणभरही तोललं नाही. ते बाबारावांच्या कानाशी गेले.

"इवाई, मनात काही नाही बाप्पा. पँट तंग आहे. बसलो तं फाटन."

बाबारावांनी डोळे मिटले. त्यांचा हात छातीवर गेला.

"माय वं," ते म्हणाले. "माही बी!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकमेकांच्या पँटींकडे पाहिलं. आणि एकदमच हसायला लागले. रोखून धरलेलं सगळं हसू बाहेर पडलं आणि त्याबरोबर जे बसल्यानं होणार होतं ते उभ्या उभ्याच झालं. आधी एकीकडून टर्र आवाज आला, मग दुसरीकडून.

दोघांनी शर्ट मागून खाली ओढला आणि स्टेजच्या भिंतीला पाठ लावली. काजलला आधी कळलं, मग रजतला, आणि मग जे हसणं उठलं ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. रजतनं खिशातून अंगठी पुन्हा बाहेर काढली. कौसल्याबाईंनी सुटकेचा असा निःश्वास सोडला, की तो माईकवर ऐकू आला.

प्रेमिलाबाई शांतपणे स्टेजवर आल्या आणि त्यांनी पिशवीतून रोजची पँट काढली. ताराचंद बघतच राहिले, कारण पलीकडून कौसल्याबाईही पिशवी घेऊन आल्या होत्या आणि त्यांच्याही हातात नवऱ्याची पँट होती.

"तुले माहीत होतं?" ताराचंदांनी विचारलं.

"अजी, तीस वर्षं तुमचे कपडे मी वाळू घालते," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "लग्नातली पँट ट्रंकेत आहे अजून. तिच्यात तुमचा एक पाय जाईन."

आतल्या खोलीत कपडे बदलून होतात न होतात तोच धोंडबा आला. आमंत्रणाला आला होता, पण टेप खिशातच होता. त्यानं आता कोणाची परवानगी घेतली नाही. दोघांनाही टेप लावला.

"कंपनीवाल्यायनं हळूहळू इंच वाढवले अन् आकडा तोच ठेवला," तो म्हणाला. "गिऱ्हाईक खुश, कंपनी खुश. माह्या टेपाले ते जमत नाही. ताराचंदभाऊ, तुमची कंबर साडेअडतीस."

ताराचंदांनी लांब श्वास सोडला. वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं, पण उलट फार मोकळं वाटलं. लेबल दाखवायचं काम संपलं, पोट आत ओढायचं कामही संपलं. दारातून काजल दिसत होती, रजतच्या शेजारी, हसून हसून डोळ्यांतलं काजळ पसरलेली. त्यांना अगदी भरून आलं. मग त्यांना एक आठवलं.

"अन् इवायाचं किती, धोंडबाभाऊ?"

"एकोणचाळीस."

"पाय वं!" ताराचंद प्रेमिलाबाईंकडे वळले. "अर्धा इंच!"

प्रेमिलाबाईंनी त्यांच्या हातात जिलेबीची प्लेट दिली आणि स्टेजवरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. ताराचंद गेले, बाबारावांच्या शेजारी टेकले आणि ऐसपैस मांडी घालून बसले.