परक्या मांडवातले खासदार

आमचे खासदार नाना जाकिटाच्या डाव्या खिशात कायम अक्षता बाळगत. कुंकवानं रंगवलेली ज्वारी. आमदार असताना विधानसभेत बोलायला उठले आणि रुमाल काढला, की पुढच्या बाकावरच्या टोप्यांवर चार दाणे पडत. कुणी झटकत नसे. सवय झाली होती.

मी त्यांचा स्वीय सहायक. म्हणजे मुख्यतः लग्नतिथी सांभाळणारा. कर्जतकडचं एकही लग्न नाना चुकवत नसत. "सभेत मानूस कान देतो, मांडवात मन देतो," असं म्हणत. लोकसभेच्या प्रचारात विरोधी उमेदवाराच्या पुतणीचं लग्न निघालं. नाना गेले, अक्षता टाकल्या, पंगतीत स्वतः बुंदी वाढली आणि निवडून आले.

दिल्लीत मात्र पंचाईत झाली. ऐन लग्नसराईत अधिवेशन! नाना शेतीच्या पाण्यावर एकदा हिंदीत बोलले. दुसऱ्या दिवशी पेपरात 'मराठीतून भाषण' असं छापून आलं. त्यानंतर ते बंगल्याच्या पायरीवर बसून राहू लागले.

एका संध्याकाळी मागच्या गल्लीत बँड वाजला. नानांनी टोपी घातली.

"नाना, आपल्याला बोलावणं नाही."

"मग बँड कशाला वाजवत्यात?"

मुलाकडच्यांना वाटलं आम्ही मुलीकडचे, मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे. नानांनी नवरदेवावर ज्वारी टाकली, ती त्याच्या घोडीनं खाल्ली. शेवटी मुलीच्या बापानं हात जोडून विचारलं, "आप कौन?"

"हम मामा," नाना म्हणाले.

बाप जरा घुटमळला. पण बायकोच्या माहेरच्यांना उलटे प्रश्न विचारायची पद्धत तिथेही नसावी. आम्हाला आग्रह करकरून जेवू घातलं.

परतताना मी विचारलं, "नाना, मामा कशाला म्हणालात?"

नानांनी टोपी काढून झटकली. मग म्हणाले, "यमुनाच्या थोरलीच्या लग्नात पाठीशी कोन उभं हुतं, ठावं हाय? शेजारचा शिंपी."

यमुना ही त्यांची धाकटी बहीण, श्रीगोंद्याला दिलेली. नानांच्या पहिल्या आमदारकीला तिचा नवराच विरोधात उभा होता. नाना जिंकले आणि जाणं-येणं तुटलं. भाचीच्या लग्नात पाठीशी मामा लागतो. थोरलीच्या लग्नाला मामाला बोलावणंच आलं नाही.

"आन आता धाकटी सुमन बी लग्नाची झाली," नाना खिशातली ज्वारी चाचपत म्हणाले.

वैशाखात सुमनचं लग्न ठरल्याचं कानावर आलं. अधिवेशन टाकून नाना श्रीगोंद्याला निघाले. मांडवासमोर जीप थांबली, पण नाना काही उतरेनात. आत सनई वाजत होती. ते समोरच्या काचेकडे बघत बसले. मी दोनदा दार उघडलं. त्यांनी दोनदा लावून घेतलं.

इतक्यात यमुनाबाईच बाहेर आल्या. मी नमस्कार केला. त्यांनी तो घेतला नाही.

"खासदार झाला म्हनून खाली उतरत न्हाईस व्हय? पोरगी पाटावर उभी हाय."

नानांनी चाचरत विचारलं, "दाजी काय म्हनतील?"

"त्येंनीच धाडलंय मला. तोंडानं सांगायचे न्हाईत. इलेक्शनला पडलेला मानूस हाय."

अंतरपाट धरला गेला. सगळ्या तालुक्याची लग्नं लावलेले नाना भाचीच्या पाठीशी उभे राहिले, आणि हात कुठे ठेवावेत हेच त्यांना कळेना. शेवटी ते सुमनच्या खांद्यांवर ठेवले. पहिल्या मंगलाष्टकालाच त्यांना असा हुंदका फुटला, की भटजी मध्येच थांबले.

सुमन मान न वळवता हळूच म्हणाली, "मामा, आज रडायचा मान माझा हाय. तुमी निसतं उभं ऱ्हावा."

नाना उभे राहिले.